राहिलेला तास

सपकाळ सरांना खुर्चीवर बसून शिकवताना मी कधी पाहिलं नाही. वर्गात खुर्ची असायची, पण तिच्यावर त्यांची पिशवी आणि छत्री बसायची. सर उभे. फळा पुसायला डस्टर हाताशी असलं तरी ते तळहातानंच पुसायचे आणि तो हात पँटला पुसायचे. त्यामुळं त्यांच्या उजव्या मांडीवर कायम एक पांढरा पंजा उमटलेला असे.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ते आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवत. बाकीचे मास्तर वर्गात शिरले की पुस्तकातल्यासारखं बोलायला लागत. सर घरी बोलत तसंच वर्गात बोलत. "काय करून राह्यला रे तू? आधी बघ, मंग लिही." आणि त्यांचं एक वाक्य तर शाळा सोडून पस्तीस-छत्तीस वर्षं झाली तरी आमच्यातल्या कुणालाही म्हणून दाखवता येईल: "हात लावल्याबिगर कळत न्हाई."

हे ते नुसतं म्हणत नसत. डोळ्याचा धडा आला तेव्हा हसनाबादच्या बाजारातून त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचा डोळा आणला होता, केळीच्या पानात गुंडाळून. ब्लेडनं तो कापला, आतलं भिंग काढलं आणि ते वर्गातल्या प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलं. दोन पोरं उलटी करायला बाहेर पळाली. सरांनी त्यांची वाट पाहिली, ती परत आल्यावर त्यांच्याही हातावर ठेवलं. थंडगार, बुळबुळीत, वाटाण्याहून जरा मोठं. मला डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदूबद्दल सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, "भिंग मी हातात धरलेलं हाय, डॉक्टर." त्यांना ती थट्टा वाटली.

आम्ही नववीत असताना सरकारी योजनेतून शाळेला संगणक मिळाला. जीपमधून खोकी उतरली तेव्हा अर्धं गाव आवारात जमलं होतं. त्याआधी सर औरंगाबादला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आले होते. आजच्या मुलांना तो संगणक वाटणारही नाही. पिवळट पांढऱ्या प्लास्टिकचा, जाड टाईपरायटरएवढा डबा, काळी बटणं, वर एक रांग लाल बटणांची. तो टीव्हीला जोडायचा, आणि लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवायला टेपरेकॉर्डर लावायचा. त्याला आठ बिटचं मशीन म्हणत. आता मोबाईलवर रोज सकाळी येणारा फुलांचा एक फोटोसुद्धा त्याच्या पोटात मावला नसता.

तो हाताळायला मिळेपर्यंत सरांनी फळ्यावर शिकवायला सुरुवात केली. संगणकात आकडे ठेवायला घरं असतात आणि घरांना नावं असतात, असं सांगून त्यांनी आमच्यातली काही पोरं भिंतीला उभी केली. "तू ए. तू बी. तू सी." प्राथमिक शाळेतून मागून आणलेल्या पाट्या त्यांच्या हातात दिल्या. फळ्यावर ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे टाकून हुकूम लिहिले. एकानं ओळीनं हुकूम वाचायचे आणि ज्याच्या नावाचा हुकूम निघेल त्यानं पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहायचा. सगळा वर्ग मिळून एक संगणक.

हुकूम वाचायचं काम शोभाचं. ती सुताराची मुलगी. गणितात तिच्या पुढं कुणी नव्हतं, आणि ते तिला माहीतही होतं. 'परत वीसवर जा' असा हुकूम आला की ती मागं वळून न बघता विसावी ओळ म्हणून मोकळी व्हायची. बन्सी पाटी पुसायला थुंकी लावायचा, तर ती सगळा खेळ थांबवून सांगायची, "सर, संगणक थुंकत न्हाई." सर हसत नसत. "बराबर हाय तिचं. बन्सी, फडकं घे."

मग एका दिवशी सरांनी सांगितलं की येत्या शनिवारी संगणक लावायचा आणि प्रत्येकाला थोडा थोडा वेळ हात लावायला मिळणार. त्या शनिवारी आम्ही नखं कापून, डोक्याला तेल लावून गेलो. कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांनी चपला ओट्याखाली काढल्या आणि ऑफिसच्या व्हरांड्यात भिंतीला लागून रांग केली. संगणक ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होता. कपाटाची चावी सरांकडे होती. सर आत गेले. आत हेडमास्तर होते, संस्थेचे एक मोठे गृहस्थ आले होते. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून त्या गृहस्थांचं बोलणं ऐकू आलं. "पोरांच्या हातात द्यायची वस्तू हाय का ही? उद्या साहेब लोक बघायला आले आन बंद पडली तर? राहू द्या कपाटात."

सर काय बोलले ते ऐकू आलं नाही. बहुतेक काही बोललेच नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. आमच्याकडं न बघता म्हणाले, "आज न्हाई. जा घरी. पुढं बघू."

पुढं काही झालं नाही. संगणक दसऱ्याला बाहेर निघायचा, हळदकुंकू लावून परत आत जायचा. अधिकारी आले की टेबलावर मांडला जायचा. पाट्यांचा खेळही सरांनी बंद केला. दहावीला शोभा वर्गात नव्हती, पण त्या काळात दर उन्हाळ्यात काही मुली कमी व्हायच्याच, म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही. सर दोनेक वर्षांनी दुसऱ्या गावच्या शाळेवर गेले. संगणक कधीतरी मोडक्या बाकांबरोबर गेला म्हणे.

मी आयटीआय करून जालन्याला आलो आणि एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. अजून तिथंच आहे. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली पाळी सुटल्यावर गेटवर गाड्यांची गर्दी झाली होती. त्या गर्दीत एक म्हातारा गृहस्थ प्रत्येकाचं तोंड निरखत उभा होता. माझ्यापाशी येऊन थांबला.

"दिगंबर ना तू?"

आवाजावरून ओळखलं. पाया पडलो तर त्यांनी मधेच खांद्याला धरून उठवलं. "ते राहू दे. तू लाईटीचं काम करतोस असं कळलं. माझं एक मशीन हाय. चालू करायचं भ्या वाटून राह्यलं."

सर निवृत्त होऊन जालन्यातच मुलाकडं राहत होते. मुलगा बियाण्याच्या कंपनीत. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्या होत्या. सुनेनं करमणुकीसाठी स्मार्टफोन हातात दिला होता आणि त्याच्यात एकदा अचानक एका व्हिडिओत शाळेतल्यासारखंच मशीन त्यांच्या समोर आलं. परदेशात कुणीतरी चालू करून दाखवत होतं. "चालू केलं की आवाज येतो बघ त्याचा," सर म्हणाले. "आधी जाड, मंग बारीक. मी तो आवाज औरंगाबादला ऐकल्ता, त्याच्यानंतर एकदम तवा. मला घाम फुटला, दिगंबर. सूनबाई धावत आली, तिला वाटलं छातीत दुखून राह्यलं."

त्यानंतर त्यांनी शोध सुरू केला. हैदराबादेत एक माणूस जुनी मशीनं जमवतो असं कळलं. सर एकटे रेल्वेनं गेले आणि येताना गोधडीत बांधून, मांडीवर ठेवून मशीन घेऊन आले.

रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. मी माळ्यावरचा जुना डबा टीव्ही काढून ठेवला होता. तारा जोडल्या. सर उभेच. मी बटण दाबलं. आधी जाड, मग बारीक, असा आवाज आला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि एक बारीक रेघ लुकलुकायला लागली. सरांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं, एका बटणावर टेकवलं, आणि मशीनच्या पोटात फटाका फुटावा तसा आवाज झाला. भसाभस पांढरा धूर. मी प्लग ओढला. घरभर जळका, उग्र वास. बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

सरांचं बोट अजून तसंच पुढं होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्यानं झालं का?"

सत्तरीच्या माणसाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "न्हाई सर. आतला कंडेन्सर गेला. जुना झाला की त्याला चिरा पडतात. बाकी मशीनला काही झालं नसंल." त्यांचा विश्वास बसेना. मी पेटी उघडून तो फुटका कंडेन्सर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, चिरांवरून नख फिरवलं आणि तेव्हा कुठं खाली बसले.

तसला कंडेन्सर जालन्यात मिळतो. पुढच्या रविवारी मशीन चाललं, तास झाला तरी चालूच. मी सरांना म्हणालो, "बसा सर."

"न्हाई. तू बस. तुझा तास हाय."

"तुम्ही आधी."

"माझा झाला तवाच. औरंगाबादला हात लावून आल्तो मी. तुमचा राह्यला." त्यांनी खुर्ची माझ्या मागं सरकवली. मी बसलो. मिलमध्ये मोठमोठी पॅनल हाताळणारा मी, पण बोटं आधी पँटला पुसली. सर सांगत गेले तसं टाईप केलं. दहावी ओळ: माझं नाव छाप. विसावी ओळ: परत दहावर जा. शेवटचं बटण दाबलं आणि सगळ्या पडद्यावर खालून वर दिगंबर, दिगंबर, दिगंबर धावायला लागलं. मी हसलो. मागं वळून बघितलं तर सर खिडकीकडं तोंड करून उभे होते.

त्यानंतर त्यांच्या खोलीत मशीनं वाढत गेली. रबराच्या बटणांचं एक छोटं आलं, नागपूरकडच्या कुण्या शाळेतून निघालेलं एक आलं. सुनेनं, मनीषावहिनीनं, कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, मग दुसरा, मग म्हणाली, "आता तुमचे कपडे कुठं ठेवू, ते सांगा." सर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक बटण पुसत. पिवळं पडलेलं प्लास्टिक उन्हात ठेवून उजळवत. जुन्या कॅसेटी बुरशी लागलेल्या असत, त्यांची फीत ते हातानं गुंडाळून स्वच्छ करत. मोबाईलवर अशा छंदाच्या लोकांचा एक ग्रुप होता, बेंगळुरू, केरळ, कुठले कुठले तरुण इंजिनियर. ते सरांना अंकल म्हणत. सर मोडक्या इंग्रजीत शंका विचारत आणि न लाजता परत विचारत.

मी एकदा विचारलं, "सर, हातातल्या फोनमध्ये असली हजार मशीनं मावतील. ह्याच्यात काय हाय?"

ते काम थांबवून म्हणाले, "फोन चालू केला की तो तुला काहीतरी दाखवायला लागतो. हे मशीन चालू केलं की काही दाखवत न्हाई, काही विचारत न्हाई. नुसतं थांबतं. तू काय म्हणतोस ते ऐकायला."

पण नुसता छंद असता तर एवढ्यावर भागलं असतं. सर त्या वर्गातली माणसं शोधायला लागले. गावी फोन करायचे, लग्नकार्यात विचारायचे. एकेकाला रविवारी बोलावून घ्यायचे. कुणी एसटीत कंडक्टर, कुणी बाजार समितीत हमाल, एकजण तर स्वतः हेडमास्तर झालेला. आधी सगळ्यांना गंमत वाटायची. चहा, जुन्या आठवणी. मग सर खुर्ची सरकवायचे. "बस. तुझा तास."

बन्सी आला तो दिवस मला विसरता येत नाही. त्याची मोसंबीची बाग आहे, बरं चाललं आहे. पण फॉर्म भरायचा, उतारा काढायचा म्हटलं की तालुक्याच्या गावी दुकानातल्या पोरासमोर हात बांधून उभा राहतो, असं तोच सांगत होता. "त्या पोरट्यानं एकदा मला हाड्‌ म्हणल्यासारखं केलं, सर. म्हणलं, काका, स्क्रीनला हात नका लावू." सरांनी त्याला बसवलं. जाड बोटांनी, एक बटण दाबताना दोन दाबली जात, पुसत, परत लिहीत त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन आकडे विचारायचे आणि बेरीज सांगायची. एवढाच. मशीननं विचारलं, त्यानं आकडे दिले, बेरीज आली. त्यानं परत चालवला. परत. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत राहिला.

"सर, एवढंच होतं का?"

"एवढंच होतं."

"आन मी जिंदगीभर भ्यायलो की."

 बन्सी गेल्यावर सरांनी मशीनवर कापड टाकलं आणि मला म्हणाले, "शोभा कुठं हाय, कळंना बघ."

ती सापडायला बरेच महिने गेले. अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ दिली होती तिला. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, तो आता थकला. ती घरालाच लागून पिठाची गिरणी चालवायची. सरांनी माझ्या फोनवरून फोन केला, या म्हणाले. ती म्हणाली, गिरणी सोडून येता येत नाही. "मंग आम्ही येतो," सर म्हणाले. तेव्हा त्यांना दम लागायला लागला होता. मनीषावहिनी नको म्हणत होत्या. मी मेव्हण्याची गाडी मागून घेतली, मागच्या सीटवर टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि मशीन बांधलं आणि आम्ही निघालो.

गाळप हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास. गिरणी धडधडत होती. केसांवर, भुवयांवर पीठ बसलेली एक उंच बाई दारात आली. सर अवघडून म्हणाले, "शोभाबाई, ओळखलं का?"

"मला तूच म्हणा, सर. तेवढं राहू द्या." तिनं गिरणी बंद केली, पाणी दिलं, चहा टाकला. मी गाडीतून मशीन काढून तिच्या घरातल्या टेबलावर मांडलं, टीव्ही जोडला. ती दारात टेकून बघत होती. सर म्हणाले, "बस, शोभा. तुझा तास राह्यलाय."

ती जागची हलली नाही. "आता काय करू त्याचं, सर?"

सरांनी टेबलावरचं पीठ तळहातानं पुसलं.

"त्या दिवशी चावी तुमच्यापाशी होती ना?"

"व्हय. माझ्यापाशीच होती."

"मंग?"

"भ्यालो."

मला राहवेना. त्या वेळी सर नोकरीत कायम झालेले नव्हते, एका शब्दात घरी पाठवलं असतं त्यांना, हे मला मागाहून कळलेलं होतं. मी म्हणालो, "शोभा, तवा सरांची नोकरी..." सरांनी हात वर करून मला थांबवलं.

शोभा माझ्याकडं न बघता बोलायला लागली. आवाज चढला नाही तिचा. "मी घरी सांगितल्तं, मला मशीन चालवायला देणार हायेत. माझं लग्नाचं बोलणं चालू होतं. मी दादाला, माझ्या बापाला, म्हणलं, मला दहावी करू द्या, मला येतं ते. दादा सुतार माणूस. म्हणला, येतं म्हणतीस तर चालवून दाखव. त्या शनिवारी दादा आल्ता, सर. कामाचा खाडा करून आल्ता. शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता. आम्ही रांगंत उभ्या राह्यलो तेवढं त्यानं बघितलं, आन आम्ही परत निघालो तेवढं बघितलं. घरी जाताना काही बोलला न्हाई. मंग उन्हाळ्यात लग्न झालं."

बाहेर रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"हे मला माहीत नव्हतं," सर म्हणाले.

"माहीत असतं तर उघडलं असतं कपाट?"

 मला वाटलं, आता ते हो म्हणतील. कुणीही म्हणालं असतं. ते म्हणाले, "सांगता येत न्हाई, शोभा. खरंच सांगता येत न्हाई."

तिनं मान हलवली. मला वाटतं, त्या दिवसातलं तेवढंच तिला पटलं. पदरानं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. "गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणाली आणि गिरणीकडं गेली. पट्टा फिरायला लागला.

मी तारा काढायला वाकलो तर सर म्हणाले, "राहू दे. इथंच राहू दे." ते गिरणीच्या दारात गेले आणि त्या धडधडाटात मोठ्यानं म्हणाले, "मशीन ठेवून चाल्लो. बसू नको. नुसतं राहू दे." ती दळणात हात घालून उभी होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. निघताना सरांनी बटणं कशी दाबायची त्याचं त्यांचं जुनं पुस्तक टीव्हीवर ठेवलं.

येताना ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. अंबड मागं पडल्यावर म्हणाले, "तिचा बाप फाटकाबाहेर होता, दिगंबर. मी बघितलं असंल त्याला. बघितलं असंलच."

त्यानंतर सरांनी कुणाला बोलावलं नाही. कापडाखालची मशीनं कापडाखालीच राहिली. मी रविवारी जायचो, बसायचो, यायचो. एका दिवशी कामावर असताना मला अनोळखी नंबरवरून फोन आला. शोभा. काही विचारपूस नाही, सरळ मुद्द्यावर. "दिगंबर, लाईट गेली की लिहिलेलं सगळं जातंय. टेपवर कसं ठेवायचं, ते पुस्तकात हाय पण मला लागत न्हाई. सरांचा नंबर दे."

मी दिला. त्यांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मनीषावहिनी सांगायच्या, आता फोन येतो म्हणून दुपारी झोपतही नाहीत. शोभानं तिथं काय चालवलं होतं ते सरांनीच मला सांगितलं. कशानंच भाग जात नाही असे आकडे शोधायचा प्रोग्रॅम लिहीत होती ती. दोन, तीन, पाच, सात, अकरा. "शाळेत मूळ संख्या शिकवल्त्या मी. तिला तवापासून बघायचं होतं, पुढं कुठवर सापडतात ते. मशीन हळू हाय आपलं. ती गिरणी चालू करती, मशीनला कामाला लावती, आन दळण झालं की आत जाऊन बघती, कुठवर आलं." हे सांगताना त्यांना धाप लागत होती, तरी थांबत नव्हते.

सर मागच्या वर्षी हिवाळ्यात गेले. माती द्यायला आमच्या वर्गातली बरीच माणसं आली होती. पण मला ते आठवतात ते त्याच्या थोडे दिवस आधीचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं डोकावलो होतो. ऑक्सिजनची नळी नाकाला, पाठीशी उशा लावून ते पलंगावर बसवलेले. कानाला फोन. मला त्यांनी बोटानंच बस म्हणून खुणावलं. खोलीत इतकं शांत होतं की फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. शोभा कावलेली होती.

"चार कसं आलं ह्याच्यात? नऊ आलं, पंचवीस आलं, एकोणपन्नास आलं. बाकी सगळे बराबर हायेत, हे एवढेच घुसलेत. सर, कितव्या ओळीत चुकलंय?"

सरांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. चूक त्यांना समजली होती, हे मलाही कळत होतं. मी हळूच म्हणालो, "सांगून टाका ना सर, कशाला बोलायची तसदी घेता." त्यांनी मान हलवली, नाही.

"बघ बरं," ते फोनमध्ये म्हणाले. "त्याच आकड्यांत काय हाय?"

पलीकडं गिरणीची धडधड चालू होती. मग ती कमी होत होत थांबली. तिनं पट्टा बंद केला असावा. पुटपुटणं ऐकू यायला लागलं. "बे दुणे चार... तीन त्रिक नऊ... पाच पाचे..." मग एकदम, "सर, थांबा! ठेवू नका फोन!"

"न्हाई ठेवत," सर म्हणाले. "होऊ दे तुझं निवांत."

माझी सुट्टी संपत आली होती. मी उठलो, चपला घातल्या. सरांचं लक्ष नव्हतं. फोन कानाला लावून, डोळे मिटून ते वाट बघत होते.